उम्म राशिदच्या वरच्या मजल्यावर

चौऱ्याण्णव साली सहार विमानतळावर पप्पा मला एवढंच म्हणाले, "परक्या मुलखात कुणाशी वाद घालू नको." तुम्हा वसईच्या मंडळींना वाटलं, मी दुबईच्या झगमगाटात चालले. प्रत्यक्षात माझ्या नवऱ्याची, अंतोनची, नोकरी दुबईपासून दूर, खोर फक्कानच्या बंदरात होती. चर्च डोंगरापलीकडे, थेट शारजाला.

आम्ही उम्म राशिद, म्हणजे ‘राशिदची आई’, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली त्या आणि मुलगा राशिदचं कुटुंब.

दुसऱ्या वर्षी पप्पा गेले. पासपोर्ट व्हिसा रिन्यूअलला दिलेला, त्यामुळे मला जाता आलं नाही. संध्याकाळी ओळखीची चार कुटुंबं रोझरीसाठी आली. खिडक्या लावून हळू आवाजात प्रार्थना चालली होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात राशिद. घरात असं जमणं चालणार नाही, शेजारी बोलतात, फ्लॅट खाली करा, असं तो म्हणाला.

मागून उम्म राशिद जिना चढून आल्या. टेबलावरचा फोटो कुणाचा, त्यांनी हिंदीत विचारलं. मी सांगितलं. त्या मुलाला अरबीत काहीतरी बोलल्या आणि मग मला म्हणाल्या, "मैंने इसको बोला, बाप के लिए रोने का परमिट कौन देता है?"

चपला काढून त्या आमच्यात बसल्या. मरियेचं नाव आलं तशी त्यांनी मान हलवली. कुराणातली मरियम त्यांचीही होती.

फ्लॅट राहिला, पण राशिद वर्षभर आमच्याशी बोलला नाही. या गावात कधी चर्च होईल का, असं मी एकदा उम्म राशिदना विचारलं. त्या म्हणाल्या, राशिदला ते आवडणार नाही. पण त्याची मुलगी तुझ्या मुलीबरोबर अंगणात खेळते, मोठी झाल्यावर तिला चर्चचं काही वेगळं वाटणार नाही, इन्शाल्ला.

पुढे आम्ही अबुधाबीला आलो. काही वर्षांनी उम्म राशिद गेल्याचं कळलं, तेव्हा लगेच गाडी काढली. फाटकात राशिद उभा होता. दाढी पिकलेली. मी काय बोलावं याचा विचार करत होते, तोच तो म्हणाला, "अंदर जाओ. आपका दुआ भी पढ़ो. माँ को अच्छा लगेगा."

बायकांच्या खोलीत त्याच्या मुलीनं मला शेजारी बसवून घेतलं. मी मराठीतून प्रार्थना म्हटली. कुणी अडवलं नाही. दोघी-तिघींनी तर दुआसाठी हात पसरून धरले होते.

परतताना गाडीत माझ्या मुलीनं विचारलं, "ममा, आर वी गोइंग होम नाउ?" मी हो म्हटलं. पण मला वाटत होतं, आपण आत्ताच घरातून निघालोय. वसईकरांनो, राग मानू नका.