उंबऱ्याबाहेरचा वजनकाटा

आरोग्यसेविका हेटी ऑर्मरॉडचा आवाज लँकेशायरच्या गिरणीच्या भोंग्यालाही भारी होता. दर मंगळवारी ती शाळेच्या हॉलमध्ये बाळांची वजनं करायची, आणि महिन्याच्या आतली बाळं येतच नाहीत म्हणून आयांच्या नावाने बोटं मोडायची.

एका मंगळवारी भर पावसात नेली हॅस्लम बारा दिवसांचं बाळ शालीत गुंडाळून दाराबाहेरच थांबली.

"आत ये की गं! पोराला भिजवून मारतेस का?"

"नको बाई. चर्चमध्ये बाळंतपणानंतरची आभाराची प्रार्थना व्हायचीय माझी, तोवर विटाळच. तशीच उंबरा ओलांडला, तर आतल्या लेकरांना बाधेल."

"कुणी भरवलं हे खूळ डोक्यात?"

"सासूनं. आणि आत बसल्यात ना, त्या सगळ्याजणींनी."

हेटीने वळून पाहिलं. एकीनेही मान वर केली नाही. हेटीने जड काटा उचलून पायरीवर आणला आणि नेलीच्या हातात छत्री कोंबली.

पुढच्या मंगळवारी बाहेर भिंतीलगत पाच बाळंतिणी उभ्या होत्या.

हेटी निवृत्त झाली, तेव्हा सामान ताब्यात घ्यायला आलेला कारकून वैतागला. "आत ठेवायच्या काट्याला एवढा गंज कसा?"

"अठरा वर्षं बाळंतिणींसोबत पावसात उभा होता तो," हेटी म्हणाली. "आत घेतलं कुणी त्यांना?"