एकदा दाबलं की पुरे

मोहाडीच्या बाजाराजवळ कडुनिंबाखाली तो गाड्यांचं वायरिंग करतो. स्क्रूड्रायव्हर दातात धरूनच बोलतो. कुठल्याही कामाला आधी "नाही होत ताई" म्हणतो आणि मग ते करतो.

वरातीला भाड्याने द्यायची माझी उघडणाऱ्या टपाची गाडी आहे. टप पूर्ण उघडेपर्यंत बटण दाबून धरावं लागे. नवरदेवाचे मामा ते मधेच सोडत आणि टप अर्ध्यात अडकत असे.

"एकदा दाबलं की उघडलं पाहिजे," मी म्हणाले.

"नाही होत ताई," म्हणत त्याने संध्याकाळपर्यंत रिले बसवला. मग कधी नव्हे ते काही मागितलं.

"बाबाले एक चक्कर मारून आणू काय? जिंदगी चिखल्याच्या मँगनीज खाणीत, जमिनीखाली गेली त्यायची. सारं आभाळ दिसन."

मी किल्ली दिली. तो लवकरच परतला. टप उघडा होता आणि शेजारची सीट रिकामी.

"बसले नाहीत?"

"उजेड सोसत नाही म्हणे डोळ्याले." त्याने दातातला स्क्रूड्रायव्हर काढला. "पण बटन त्यायनंच दाबलं. बाहेर उभं राहून, हात आत घालून. अंगठ्यात जोर नाही, तरी पूर्ण उघडलं."

मी टप बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या ना ताई, थोडा वेळ."

मला उशीर होत होता. मी थांबले.