राहून गेलेली नारळी पौर्णिमा

अनय, ईशा,

परवा ईशाने फोनवर सांगितलं, की पहिल्या पगारापासून ती इंडेक्स फंडात दरमहा थोडे पैसे घालणार आहे. "पण आजी, बाजार कोसळला तर?" असंही तिने हसत विचारलं. याचं उत्तर ज्यांनी नीट दिलं असतं ते माझे भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, या वैशाखात गेले. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाहीत, म्हणून लिहायला बसले.

नारळी पौर्णिमेला सगळं मालवण बंदरावर जातं. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या त्यानंतर पाण्यात जातात. भावोजीही इस्त्रीचा पांढरा सदरा घालून जायचे, समुद्राला नारळ द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कुडाळला फंडाच्या एजंटाकडे. पुढच्या काही वर्षांत घराला जे पैसे लागणार असतील तेवढे ते फंडातून काढून बँकेत ठेवत. बाकीचे तसेच राहू देत. "लोकांच्यो होड्यो पाण्यात जातत तेव्हा माझी एक वर येता," असं म्हणून स्वतःच हसत.

ते शाळेत गणित शिकवत. निवृत्तीनंतर ओटीवर कुणी ना कुणी सल्ल्याला बसलेलं असे. शेजारचे दाजी कुणाच्या तरी सांगण्यावरून एकाच कंपनीचे शेअर घेऊन आले, तेव्हा भावोजी म्हणाले, "दाजी, सगळा घर एका होडयेत बसवलास? अरे, सगळ्या बंदरात थोडो थोडो वाटो घी. एक बुडली तरी जेवक मिळात."

"आणि बंदरच बुडला तर?" दाजींनी विचारलं.

"तर गप रवाचा. वादळात जो शेअर इकता तो बुडता. पण गप रवाक घरात तांदूळ होये. ते आधी ठेय, मगे होडी लोट."

अक्का आतून म्हणायची, "ह्येंका इचारा, आज घरात तांदूळ आसत काय. दोन दिवस झाले सांगतंय." मग भावोजी निमूट पिशवी घेऊन उठायचे.

२००८च्या आरंभी अक्काला धाप लागू लागली. हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. शस्त्रक्रिया मुंबईला करावी लागणार होती, पण लगेच नाही. तो खर्च येत्या नारळी पौर्णिमेला बाजूला काढायचा, असं भावोजींनी ठरवलं.

उन्हाळ्यात त्यांचे थोरले भाऊ वारले. आपल्याकडे त्यानंतर वर्षभर सण नसतो. त्या वर्षी भावोजींनी नारळ दिला नाही, बंदरावर गेले नाहीत. आणि कुडाळलाही गेले नाहीत. ते काम त्यांच्या हातून सणाशीच बांधलं गेलं होतं. सण गेला, त्याबरोबर तेही गेलं. घरात कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला बाजार कोसळला. फंडातले पैसे निम्म्यावर आले. बँकेत होते ते घरखर्चापुरते. त्याच दिवसांत अक्काची धाप वाढली आणि भावोजी तिला कुडाळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते औषधं आणायला खाली गेले असताना डॉक्टर तिच्याशी बोलले. एसटीत बसल्यावर भावोजींनी विचारलं, "काय म्हणालो?"

"घाई नाय म्हणता. शिमगो झालो की जावया."

"फंडातले काडूया मा?"

"आता काडलास तर अर्धे गेले ते गेलेच. तुमीच ना सगळ्यांका सांगतास, गप रवाचा म्हणान?"

आम्ही कुणीही पैसे उभे केले असते. पण घाई आहे हे तिने आम्हाला कळूच दिलं नाही. विचारलं की म्हणायची, "बरी आसंय गो. तू तुझी तब्येत सांभाळ."

शिमग्याच्या आधीच अक्का गेली. दिवसकार्य झाल्यावर डॉक्टर भेटायला आले आणि सहज बोलून गेले, "मी त्यांना लगेच मुंबई गाठायला सांगितलं होतं." भावोजींनी त्यांना चहा दिला, फाटकापर्यंत पोचवलं. परत येऊन ओटीवर बसले आणि मला म्हणाले, "तिना माझाच गणित माका घातल्यान, आणि मी ता बरोबर म्हटलंय."

त्यानंतर ओटीवर कुणी सल्ल्याला आलं तर ते एवढंच सांगत, "आधी घरातल्या दुखण्याचे बाजूक काड. मगे ये."

पुढच्या नारळी पौर्णिमेला घरात पुन्हा सण नव्हता, आता अक्का गेली म्हणून. बाजार बराच वर आला होता. बंदरावर न जाता दुसऱ्या दिवशी भावोजी कुडाळच्या एसटीत बसले. सदरा चुरगळलेला होता. मी म्हटलं, "भावोजी, आता कशाला?"

"सण नाय गो," ते म्हणाले, "पण काम आसा."

शस्त्रक्रियेला लागले असते तेवढे पैसे त्यांनी फंडातून काढून बँकेत ठेवले. त्यांचा काहीच उपयोग नव्हता. तरी ठेवले, आणि वारस म्हणून माझं नाव घातलं. पुढची नारळी पौर्णिमा त्यांनी पाहिली नाही, त्याआधीच या वैशाखात गेले.

ईशा, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. भावोजींच्या ओटीवर आता कुणी बसत नाही. अक्काच्या दुखण्यासाठी ठेवलेली ती ठेव मात्र बँकेत अजून आहे. मी ती मोडलेली नाही.