हवेत घ्यायचं नाव

पनवेलजवळच्या रोडपालीच्या धर्मराज घरतला आयुष्यात एकही गोष्ट गुपचूप करता आली नाही. दाढ काढली तरी चार माणसं जेवायला बोलावील अशी त्याची तऱ्हा. शर्यतीचा बैल घेतला तेव्हा नाक्यावर बॅनर लागला. निवडणुकीला उभा राहिला तेव्हा तीन लागले, आणि आपटला तेव्हा 'मतदारांचे जाहीर आभार' म्हणून चौथा. या बॅनरांवर सगळे असत. नेते असत, पुतणे असत, मेहुणे असत, एकदा तर बैलसुद्धा होता. नसे ती फक्त त्याची बायको वेणू. त्या बैलाला पहाटे उठून पेंड घालणारी वेणू, प्रचाराच्या माणसांसाठी हात दुखेपर्यंत भाकऱ्या थापणारी वेणू.

"घरच्या मानसांना बॅनरवर कशाला पायजे?" धर्मराज म्हणायचा.

"बैल काय शेजारचा व्हता?" वेणू विचारायची.

यावर तो न वाजलेला फोन कानाला लावून अंगणात निघून जायचा.

अशा माणसाला हॅम रेडिओचं वेड लागायचं काही कारण नव्हतं. पण त्याच्या साडूला लागलं. उलव्याच्या शैलेशने सरकारी परीक्षा दिली, परवाना घेतला, घराच्या गच्चीवर तार ताणली आणि यंत्रासमोर बसून कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांशी हवेतून गप्पा मारू लागला. पेपरात कोपऱ्यात त्याचा फोटोही आला. झालं. साडूच्या फोटोने धर्मराजच्या पोटात जे दुखायला लागलं ते कुठल्याच चूर्णाने थांबेना.

"मोबाइल असताना ह्ये कशाला?" वेणूने विचारलं.

"मोबाइल कोनीपन वापरतं. याला परीक्षा लागते."

तीच तर अडचण होती. दहावीच्या परीक्षेला धर्मराज दोनदा बसला होता आणि दोन्ही वेळा बसलेलाच राहिला होता. मग हिंदीतलं प्रश्नोत्तरांचं पुस्तक आलं, आणि ते वाचून दाखवायचं काम अर्थातच आठवी शिकलेल्या वेणूकडे आलं. आठ महिने, रोज दुपारी, भांडी आवरली की ती प्रश्न वाचायची आणि धर्मराज तिसऱ्या प्रश्नाला घोरायला लागायचा. ती त्याला हलवून उठवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. अशा रीतीने पुस्तक एकाचं पाठ झालं, आणि तो एक कोण हे सांगायची गरज नाही.

एका दुपारी मात्र धर्मराजची सलग दहा उत्तरं बरोबर आली. तो इतका खूश झाला की बोलून गेला, "वेनू, लग्नात तू उखान्यात माजं नाव घेतलंस ना? मी पास झालो का पयल्याच बोलन्यात हवेतून तुजं नाव घेतो बग. सगल्या देशात आयकू जाईल."

"आदी पास व्हा," वेणू म्हणाली आणि पुढचा प्रश्न वाचला.

नवऱ्याची आश्वासनं ती एरवी कानाआड करत असे. हे मात्र तिने मनात नीट घडी घालून ठेवलं. बॅनर नको, सत्कार नको, पण एकदा त्याने आपलं नाव घ्यावं असं तिला फार वाटत होतं. ते वाटणं तिला स्वतःलाच हास्यास्पद वाटे आणि तरी जात नसे.

धर्मराज काठावर का होईना, पास झाला. परवाना आला, यंत्र आलं, कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवरून त्याला जोडायला ट्रकची दांडगी बॅटरी आली. दुसरा कुणी असता तर दार लावून बसला असता, बटण दाबून बोलला असता आणि मोकळा झाला असता. पण हा धर्मराज घरत! त्याने भटजींकडून पहिल्या बोलण्याचा मुहूर्त काढून आणला. शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. रेडिओला मुहूर्त काढणारा हा देशातला पहिलाच गृहस्थ असावा. अंगणात मंडप पडला. गच्चीपासून तारेच्या खांबापर्यंत, खांबापासून फाटकापर्यंत, फाटकापासून पुन्हा गच्चीपर्यंत रंगीत एलईडीच्या माळा चढल्या. त्या भर दुपारी जनरेटरवर लुकलुकत होत्या आणि उन्हात कुणाला दिसतही नव्हत्या. नाक्यावर बॅनर लागला. त्यावर चौदा चेहरे होते. वेणूने ते मोजले, मग पुन्हा मोजले आणि मटणाचं वाटण करायला गेली.

सकाळी ती अंगणात उघडणाऱ्या यंत्राच्या खोलीतला केर काढत होती तेव्हा धर्मराजने यंत्र लावून बघितलं होतं. तेव्हा दोन माणसं कुठल्याशा पावसाबद्दल बोलत होती, अगदी शेजारच्या ओटीवर बसल्यासारखी. वेणू केरसुणी हातात धरून ऐकत राहिली. मग भाड्याच्या खुर्च्या आल्या आणि यंत्र बंद झालं.

चार वाजता गाव जमला. साडू शैलेश पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून. बायका मागे, वेणूच्या हातात आरतीचं ताट. यंत्राला हार, यंत्रापुढे नारळ, यंत्राचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून शेजारी भलामोठा स्पीकर. चार दहाला धर्मराजने माईक उचलला, बटण दाबलं आणि सभेत बोलतात तसा गरजला, "सीक्यू! सीक्यू! सीक्यू!" म्हणजे, हवेत जो कुणी असेल त्याने उत्तर द्या. मग परवान्यावरचं आपलं सांकेतिक नाव आणि पुढे 'पनवेल' असं त्याने तीनदा सांगितलं आणि बटण सोडलं.

स्पीकरमधून नुसता खरखराट आला. टाळ्या वाजल्या, कारण हेच ते बोलणं असा काहींचा समज झाला. धर्मराज पुन्हा ओरडला. पुन्हा खरखराट. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. पोरं खुर्च्या वाजवायला लागली.

वेणूला तो खरखराट पहिल्या क्षणापासून खटकत होता. सकाळी नव्हता, आता कुठून आला? सकाळी काय नव्हतं? तिने मान वर करून माळांकडे पाहिलं, आणि पुस्तकातला प्रश्न तिला पानासकट आठवला. यंत्रात फार खरखर येत असल्यास प्रथम काय करावे? उत्तर : आपल्याच घरातली विजेची उपकरणे बंद करून पाहावीत. हा प्रश्न तिने चाळीस वेळा तरी वाचला असेल.

आरतीचं ताट घेऊन ती पुढे गेली आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "अवो, मालांचे दिवे बंद करा. त्यांचीच खरखर हाय."

सगळा गाव बघत होता. साडू बघत होता. धर्मराजचा चेहरा लाल झाला. "वेनू, तू गप! तुला काय कलतंय यातलं?"

मंडप हसला. आरतीच्या ताटातली वात हलली, वेणूने ती हाताने आडोसा करून सांभाळली आणि ती मागे जाऊन उभी राहिली. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो धर्मराजपेक्षा स्वतःचाच जास्त आला, की हा माणूस माहीत असून आपण ती घडी मनात जपून ठेवली.

सव्वापाचला शैलेश उठला. "साडू, तार बरी नाय तुमची. चला, मटन तरी गरम हाय तवर जेवून घेऊ," असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला. गाव जेवला, हात धुतले आणि गेला. फाटकापर्यंत हसण्याचे आवाज येत होते. एवढी वर्षं फुकट जेवलेली माणसंच सगळ्यात मोठ्याने हसत होती. धर्मराज यंत्रापुढे हार घातलेल्या बैलासारखा बसून राहिला. ही एकच गोष्ट त्याने विकलेल्या जमिनीच्या पैशाच्या जिवावर नाही, परीक्षा देऊन मिळवली होती, आणि तीही त्याने मांडवात घालून घालवली.

वेणूने पदर खोचला, जनरेटरपाशी गेली आणि खटका खाली ओढला. माळा विझल्या, पंखे थांबले. यंत्र तेवढं बॅटरीवर चालू राहिलं.

आणि स्वच्छ आवाज आला. "पनवेलचे स्टेशन, ऐकू येतंय का? मी दिनानाथ, सांगलीहून."

धर्मराजच्या हातातून माईक पडता पडता राहिला. तासभर हाका मारणाऱ्याला ओ आली तर काय करायचं हे ठाऊक नव्हतं.

"बटन दाबा," वेणू दारातून म्हणाली. "नाव सांगा. गाव सांगा. आवाज कसा येतोय ते सांगा."

त्याने तसंच सांगितलं.

"अहो, दुपारपासून उत्तर देतोय तुम्हाला," दिनानाथ म्हणाले. "मी दिलं, इंदूरवाल्याने दिलं, धारवाडवाल्याने दिलं. तुम्हीच कुणाचं ऐकत नव्हता. मध्ये कुणा वेणूताईंना गप्प केलंत, तेही ऐकलं आम्ही. बटण सोडलं नव्हतंत तुम्ही."

वेणूने दाराची चौकट धरली. नाव गेलं होतं तर. पहिल्याच बोलण्यात, कबूल केल्याप्रमाणे.

"बरं, ते असो," दिनानाथ म्हणाले. "बिघाड कसा सापडला? नवीन माणसाला लवकर सापडत नाही तो."

धर्मराजने वळून वेणूकडे पाहिलं. ती समोर होती. मंडप रिकामा होता, साडू गेला होता, नाव घ्यायला आता लाज वाटावी असं आसपास कुणी नव्हतं. वेणूने खोचलेला पदर सोडून नीट केला.

धर्मराजने बटण दाबलं. "अनुभव हो," तो म्हणाला. "मना लगेच ध्यानात आलं."

वेणू अंगणात गेली, जनरेटर सुरू केला आणि खटका वर ढकलला. गच्चीपासून फाटकापर्यंत सगळ्या माळा एकदम लागल्या. तिन्हीसांज होत आली होती, त्यामुळे आता त्या छान दिसत होत्या.

आत खरखराट उसळला. "हॅलो? हॅलो, सांगली?" धर्मराज ओरडला, आणि मग त्याच दमात, "वेनू! अगो वेनू! दिवे बंद कर गो, वेनू!"

त्याचं बोट बटणावरच होतं. वेणूने ताटात भाकरी घेतली, वर रस्सा ओतला आणि मंडपातल्या पहिल्या रांगेत, साडूच्या खुर्चीवर बसून सावकाश जेवायला लागली.