झरीच्या सुईणीच्या दहा प्रार्थना

सेवा सोडायचं मी ठरवलंच होतं. बारा वर्षं मिशनची नर्स म्हणून खेडोपाडी हिंडले, घसा कोरडा केला, तरी बाळं धनुर्वातानं जातच होती. प्रार्थनेला बसलं की मन कोरडं ठणठणीत. खोटं कशाला बोलू? डॉक्टरबाई म्हणाल्या, "राजीनामा खुशाल द्या, पण आधी झरीला जाऊन या. तीन वर्षांत तिकडं कुणी फिरकलेलं नाही." तोंड वाकडं करून निघाले.

तुम्ही मुंबई इलाख्यातून येणार असाल तर मनमाडला गाडी बदला आणि जवळ थोडा हाली शिक्का ठेवा. निजामाच्या मुलखात तेच नाणं चालतं. मी जालन्याहून निघून परभणीला उतरले. स्टेशनाबाहेर ज्वारीची भाकरी नि ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, पण जिवात जीवही आला. पुढं झरीपर्यंत बैलगाडी. काळ्या मातीतल्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या, हाडं नुसती खिळखिळी! पावसाळ्यात तर येऊच नका, गाडी रुतून बसते.

वेशीवरच एक बाई धावत आली. "बाई, आल्या तशा चला! माज्या सुनंला कळा यायल्यात. सोजरबाई हाय, पर तुमी बी चला."

सोजरबाई तिथली सुईण. कपाळावर भस्माचे पट्टे, महादेवाची पक्की भक्त. मागच्या खेपेला मी तिला शिकवलं होतं की नाळ कापायची कात्री उकळत्या पाण्यात ठेवायची. किती वेळ? घड्याळ होतं कुणाकडं! म्हणून येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना पाठ करून दिली. पाणी खदखदू लागलं की दहा वेळा म्हणायची, मगच कात्री काढायची. शिकवलं आणि विसरूनही गेले.

मुलगी झाली. मी दमलेली, चुलीवरच्या पाण्यातून चिमट्यानं कात्री उचलायला गेले, तोच सोजरबाईनं माझं मनगट धरलं.

"थांबा बाई. आजून तीनदा ऱ्हायलीय."

"अहो, उकळली की आता!"

"तुमीच सांगितलं न्हवं, दहा म्हंजे दहा?"

आणि खोलीतल्या साऱ्या बायका एका सुरात तीच प्रार्थना म्हणू लागल्या. कुणाच्या गळ्यात शिवलिंग, कुणाच्या कपाळी ठसठशीत कुंकू. बाळंतीणसुद्धा पुटपुटत होती. मीही म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं.

नंतर बाया एकेक लेकरू आणून माझ्या मांडीवर ठेवू लागल्या. "ह्या कात्रीनं सुटलेलं एक बी धनुर्वातानं गेलं न्हाई, माय," सोजरबाई म्हणाली.

माझ्यातली मास्तरीण काही गप्प बसेना. म्हटलं, "ती करामत उकळत्या पाण्याची बरं, सोजरबाई."

ती हसली. "पानी उकळतंय ते आमाला बी दिसतंय की. पर तितका येळ दम धराया कायतरी लागतंय का न्हाई? आमच्या महादेवाची बी ना न्हाई."

दम तर माझाच सुटला होता. मी इकडं हात टेकून बसले होते आणि देव इथं, मी सोडून गेलेल्या चुलीपाशी, काम करत होता!

जालन्याला परतले तेव्हा डॉक्टरबाईंनी राजीनाम्यासाठी हात पुढं केला. मी त्यांच्याकडं एक नवी कात्री मागितली. सोजरबाईची वापरून वापरून पार बोथट झालीय. सोमवारी पुन्हा निघतेय.