बाभळीत अडकलेलं गवत

गल्लीतले लोक म्हणत होते की तिथे कधी ओढा नव्हताच. नकाशाला धरून ते बरोबर होते. तो नकाशा मी काढलेला होता.

महापालिकेने हल्ली शहराचा पर्यावरण आराखडा केला. बुजलेले ओढे वरची घरं पाडून मोकळे करायचे, काठांवर झाडं लावायची. अशाच एका ओढ्यावर माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, घर आहे.

मी नगररचना खात्यात आरेखक होतो. आमच्याकडे मोजणी उन्हाळ्यातच व्हायची, कारण पावसाळ्यात माणसं तुंबलेल्या गटारांकडे पळवली जायची. त्यामुळे सोलापूरचे ओढे आम्ही कायम कोरडेच पाहिले. या ओढ्यातून तर बैलगाड्या जायच्या. आसपासचे शेतकरीही त्याला वाटच म्हणत.

पण या ओढ्याच्या मोजणीच्या दुपारी मी वर पाहिलं होतं. काठच्या बाभळीत, डोक्याच्या वर, वाळकं गवत आणि चिंध्या अडकल्या होत्या. पाणी तिथवर चढल्याशिवाय त्या तिथे जात नाहीत. बरोबरचा सहकारी हसून म्हणाला, "चिमणीचं घर दिसतंय, साहेब. चला, डोकं भाजायला लागलं." नकाशावर ओढा दाखवायचा तर दोन्ही काठ शेवटपर्यंत मोजावे लागले असते. मी वाट अशी नोंद केली आणि आम्ही सावलीला गेलो.

पुढे तिथे प्लॉट पडले. विड्या वळून साठवलेल्या पैशातून अक्काने एक घेतला. घेण्याआधी तिने मलाच विचारलं होतं. "रस्त्याला लागून आहे, चांगला आहे," मी म्हणालो. तेव्हा ते गवत मला आठवलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवलं होतं.

मागच्या पावसाळ्यात पाण्याला जायला जागा उरली नाही आणि ते खालच्या पत्र्याच्या वस्तीत शिरलं. अंथरुणाला खिळलेले एक म्हातारे यंत्रमाग कामगार खाटेवरच गेले. घरचे आधी लेकरांना बाहेर काढत होते.

घरं पाडण्याबाबत महापालिकेने सुनावणी ठेवली. तिच्या आदल्या संध्याकाळी गल्ली अक्काच्या अंगणात जमली. मी अक्काचा भाऊ, म्हणून सगळ्या गल्लीचा मामा.

"मामा, तुमी फकस्त एवढंच सांगा, हितं ओढा न्हवता."

"मामा सरकारी माणूस हाय, त्यांचं ऐकत्यात की."

"आन् घर वाचलं तर मामाला रोज शेंगाची चटणी!" एकजण म्हणाला. सगळे हसले. अक्का चहा गाळत होती, तीही हसली.

दुसऱ्या दिवशी मला पुढे बोलावलं. मी सांगितलं, "तिथे ओढा होता. मला दिसला होता. मी तो काढला नाही." मागे कुणीतरी खुर्ची जोरात सरकवली. मी आणि अक्का रिक्षाने परतलो. घराशी उतरल्यावर ती म्हणाली, "मला घ्यायच्या आधी सांगायचं हुतंस."

पुढच्या आठवड्यात मोजणीवाले आले. पोरगेलेसे होते, यंत्र घेऊन. काठ नेमका कुठे होता ते दाखवा म्हणाले. गल्लीतल्या कुणीच मला मामा म्हणून हाक मारली नाही. एका बाईने मला पाहून दार लावून घेतलं.

कोपऱ्यावरची जुनी विहीर तेवढी तशीच उरली होती. तिच्यापासून अंदाज घेत मी चालत गेलो. बाभूळ कुठे होती ते कळायला वेळ लागला नाही. मी अक्काच्या स्वयंपाकघरात उभा होतो.

"हितं?" तिने विचारलं.

मी मान डोलावली.

तिने ओट्याखालची भांडी एकेक करून बाजूला घेतली. त्या पोरांना खूण करायला भिंत मोकळी करून दिली.