बाईंनी तवा थांबवलं, आता करा म्हणल्या

मंडळी, बाईंची नि माझी पहिली भेट झाली तवा मी रडत होते. माझी आरोही तोंड उघडं ठिवून झोपायची, घोरायची. जालन्याला एका दवाखान्यात न्हेली. तिथल्या डॉक्टरनं धड पाह्यलंबी न्हाई. नाकामागं गाठ वाढली, कापून टाकू म्हणला आन् तारीख दिली. मंग मी घाबरून टेंभुर्णीला डॉक्टरीनबाईंकडं गेल्ते. आता त्यांची साठी हाये, त्यांच्यावर पुस्तक निघून राह्यलंय, त्यात घालायला म्हणून सांगते. गोड बोलायला मला जमणार न्हाई.

बाईंनी घाई केली न्हाई. पोरीच्या नाकाखाली थंड चमचा धरला, वाफ कुठल्या बाजूनं येती ते पाह्यलं. मंग बारीक दुर्बीण घातली. नाकात काय सोडता म्हणून इचारलं. आमच्यात आंघोळीआधी लेकराच्या नाकात तेल सोडत्यात. ते बंद करा म्हणल्या, नाकात मारायचा औषधाचा फवारा दिला.

"गाठ दिसली म्हणून कापायची नसते. तिच्यामुळं लेकराचं काय अडतंय, ते आधी बघू."

तेलावरून सासू चिडल्या. आमची सगळी लेकरं तेलावरच वाढली, ह्या काल आल्या शिकवायला. बाईंनी त्यांना बोलावलं, डब्यातला भाकरीचा तुकडा दिला. मावशी, नाक धरा आन् तोंड मिटून चावा म्हणल्या. दोन घासांत सासूंचा जीव घाबरा झाला.

"तुमची नात रोज अशी जेवती, मावशी."

तेल तवापासून बंद हाये.

पावसाळाभर फवारा मारला. दिवसा नाक मोकळं झालं, पण झोपंत श्वास मधीच थांबायला लागला. बाईंनी मोबाईलवर शूटिंग करून आणायला सांगितलं. ते पाह्यलं आन् म्हणल्या, आता ऑपरेशन करावं लागंल.

माझं डोकंच फिरलं. "तुम्हीच थांबवलं, आता तुम्हीच करा म्हणता?"

त्या रागावल्या न्हाईत. "तवा केलं असतं तर घाई झाली असती. आता न्हाई केलं तर चूक होईल."

पोरगी बराबर बरी होईल का म्हणून इचारलं. बहुतेक होईल, पण खात्री मी कुणालाच देत न्हाई म्हणल्या. लई राग आला मला. एवढ्या मोठ्या डॉक्टर, एकदा माझ्यासाठी खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

घरी नवरा म्हणतो, तवाच केलं असतं तर आतापस्तोर खेळली असती. सासू म्हणत्यात, तेल तोडलं म्हणून वाढलं. दवाखान्यात यायला दोघांनाबी टाइम न्हाई. बाई मला म्हणल्या, तू एकटी ये, भूल देईपस्तोर लेकरू तुझ्याच मांडीवर ठिवीन.

सगळे त्यांना शंभर वर्सं मागून राह्यलेत. मीबी मागते. बाई, तुमचे गुडघे दुखू न्हाईत, नजर साफ राहो. पण येत्या सोमवारी आरोहीच्या ऑपरेशनात तुमचा हात बिलकुल हलू नये, हे मी आधी मागते. बाकीचं आयुष्य त्याच्या मागून.